तेल गप्प होईपर्यंत

ईरा, नील, शांती नगरच्या त्या छोट्या हॉटेलातले मसाला फ्राईज तुम्ही दोघं बशी चाटूनपुसून खायचात; पण ते तळणाऱ्या माणसाला तुम्ही कधी पाहिलं नाहीत. मी पाहिलं ते चमचा मागायला आत डोकावले म्हणून. एक उंच, सावळे गृहस्थ कढईकडे पाठ करून कांदा चिरत उभे होते. आता सगळं जळणार, असं मला वाटलं. तेवढ्यात ते वळले, झारा घातला आणि सोनेरी फ्राईज बाहेर काढले.

"न बघता कसं कळलं?" मी विचारलं.

"त्याल बोलतंय ना, मॅडम. बटाट्यात पानी हाय तवर बडबड. गप झालं का काढायचं."

हे इनासभाऊ. राहायला उत्तनला, रोज पहिल्या बसने यायचे. त्यांच्या घरी दर उन्हाळ्यात मोनिकाबाई, म्हणजे त्यांची बायको, वर्षाचा मसाला भाजून, कांडून बिअरच्या काळ्या बाटल्यांत दाबून भरायच्या. तोच बाटली मसाला आणि भाईंदरच्या मिठागरातलं जाडं मीठ, एवढंच ते फ्राईजवर टाकत. मसाल्यात काय काय असतं, असं मी एकदा विचारलं. "ते मलाबी ठावं न्हाय. मोनिका कांडताना मला भायेर काढते," म्हणाले आणि खो खो हसले.

तुम्ही कॅनडाला गेलात, त्यानंतर दोन वर्षांनी हॉटेलची इमारत पाडायला काढली आणि ते बंद झालं. पुढच्या सुट्टीत येण्याआधी ईराने फोनवर एकच मागणी केली होती: "आजी, ते फ्राईज." मी वही काढून अंदाजाने कृती लिहिली. बटाटे पाव किलो, बोटाएवढे काप, अर्धा तास पाण्यात, पहिलं तळण सहा मिनिटं, दुसरं तीन. टायमर लावला. एकदा मऊ पडले, एकदा करपले. तिसऱ्या वेळचे बरे वाटले म्हणून डब्यात भरून इनासभाऊंना चाखवायला थेट उत्तनला गेले.

इनासभाऊंना मधल्या काळात अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, हे मला तिथे कळलं. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. डाव्या हाताने एक फ्राय उचलून त्यांनी तो वाकवला. तो वाकला, मोडला नाही.

"मॅडम, ही भाजी हाय. फ्राईज न्हाय."

मी वही दाखवली. "घड्याळाला काय इचारता? जुना बटाटा, नवा बटाटा, सगळं येकाच मिन्टात व्हतील काय? बटाट्याला इचारा." मग ते आपल्या हाताकडे बघत राहिले. "पोरं दुबईला. ह्यो हात ग्येला. म्हनजे आता संपलंच की ते."

मोनिकाबाईंनी कपाटातून मसाल्याची एक बाटली आणून माझ्या पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. काप तेलात सोडले. पलीकडे उत्तनला इनासभाऊ ऐकत होते.

"आता काढू?"

"न्हाय."

"लाल दिसतायत हो!"

"डोळे मिटा. आयका."

मी मिटले. आधी पावसासारखा सडसडाट होता. मग तो विरळ झाला, एकेक थेंब टपटपावा तसा.

"काढा! काढा! गरमागरम असताना मसाला टाका! थंड झालं का चिकटत न्हाय!"

एक फ्राय मी फोनजवळ धरून मोडला. कट्‌ असा आवाज गेला असावा, कारण पलीकडून मोनिकाबाईंचं हसू आलं आणि इनासभाऊ म्हणाले, "ह्यो झाला."

त्या सुट्टीत तुम्ही दोन ताटल्या संपवल्यात. पुढचं वर्षभर, बटाट्याचा माल बदलला की मी फोन लावायची आणि ते ऐकायचे. मागच्या ईस्टरनंतर ते गेले. चर्चच्या अंगणात मोनिकाबाईंनी माझा हात धरून सांगितलं, "तुमचा फोन आला का त्यो दिस चांगला जायचा त्येंचा."

ईरा, गेल्या रविवारी तुझा फोन आला. तुझ्या त्या नव्या खोलीत तू पहिल्यांदाच तळायला घेतलं होतंस. मी पाठवलेली मसाल्याची पुडी फोडलेली होती.

"आजी, पटकन मिनिटं सांग."

वही माझ्या समोरच होती. मी ती मिटली.

"फोन कढईजवळ ठेव. फार जवळ नको."

सडसडाट माझ्या स्वयंपाकघरात आला. मी डोळे मिटले.

"आजी, काढू? लाल झालेत."

"न्हाय," मी म्हणाले. "अजून बोलतंय."