अण्णांचा तूपत्याग

गंगावेशीतल्या तुपाच्या दुकानात पार्श्वनाथ मगदूम तीस वर्षं बसले आणि त्या तीस वर्षांत तुपाविषयी एकही खोटा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. ते जे एकदा मोठं खोटं बोलले ते स्वतःविषयी, आणि तेही तोंडानं नव्हे. नुसती मान खाली घातली.

शाहूवाडी आणि राधानगरीकडून यष्टीच्या टपावरून लोण्याचे डबे येत. अण्णा – सगळी गंगावेस त्यांना अण्णाच म्हणे – ते लोणी मागच्या खोलीत पितळी पातेल्यांतून कढवत. थेंबभर तूप पालथ्या हातावर चोळून हुंगलं की लोणी कुठल्या तालुक्यातलं आणि म्हैस ओल्या चाऱ्यावर होती की वाळल्या, हे ते सांगत. त्यांना खोटं पाडायला एकही म्हैस दुकानात आली नाही, पण लोकांचा विश्वास होता. घरी त्यांच्या भातावर तूप वाढायला चमचा नसे, पळी असे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात बाहुबलीच्या डोंगराच्या पायऱ्या चढताना त्यांच्या छातीत दाटून आलं. वय पंचावन्न. गंगावेशीत तीन डॉक्टर होते आणि तिघेही त्यांचंच तूप खात. म्हणून अण्णा रिक्षा करून राजारामपुरीत, आपल्याला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी गेले. दवाखान्याच्या बाकावर मीरासाब बसला होता. वर्षातून दोनदा त्यांच्या पातेल्यांना कल्हई लावून जाणारा मीरासाब.

"अण्णा, तुमी हिकडं कुठं?"

"सहज."

दवाखान्यात सहज आलेला माणूस मीरासाबनं आधी पाहिला नव्हता, पण तो सरकून बसला. "मला कोलेस्टेरॉल हाय," त्यानं बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं. "दोनशे सत्तर. वजडी बंद, चरबीचं मटण बंद. गल्लीत सांगूनच टाकलंय, लग्नाकार्यात कुनी आग्रह करू नगासा म्हणून. तुमचं किती?"

अण्णांचं दोनशे ऐंशी निघालं. डॉक्टरांनी एका कागदावर आठ ओळी लिहून दिल्या आणि म्हणाले, "घरी दाखवा. स्वयंपाक तुम्ही करत नाही, त्या करतात." अण्णांनी पहिली ओळ वाचली. तूप, लोणी, साय बंद. पुढचं त्यांनी वाचलंच नाही. कागदाची घडी करून त्यांनी ती टोपीत ठेवली.

तूपवाल्याला डॉक्टरनं तूप बंद केलं, ही बातमी गंगावेशीत पसरायला दुपार पुरली असती आणि दुकान बसायला आठवडा. त्यांनी घरी काही सांगितलं नाही. बायको प्रभावतीबाई साधी बाई, शेजारी बोलून जाईल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पुढं त्यांना ज्या ज्या गोष्टींची लाज वाटली, त्यांत हा विचार बराच वरचा होता.

मग चातुर्मास लागला. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, एक मुनिमहाराज मुक्कामाला होते. पूजेनंतर पंगत बसली आणि वाढपी तुपाचं भांडं घेऊन आला. अण्णांनी भातावर आडवा हात धरला.

"सोडलंय."

वाढपी थांबला. आता या लोकांत दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ हे सहा रस मानतात आणि त्यांतला एखादा नेम म्हणून कायमचा सोडणं हा मोठा त्याग समजतात. त्यातून तूपवाल्यानं तूप सोडावं! बस्तीचे सेक्रेटरी जिनपाल पंगतीच्या टोकाहून उठून आले.

"अण्णा, रसत्याग केलासा? आजन्म?"

अण्णांनी मान खाली घातली. त्यांच्या समाजात मान खाली घालणं म्हणजे विनय. दुसरा काही अर्थ जिनपालना सुचण्याचं कारण नव्हतं.

चार दिवसांत बस्तीत त्यांना श्रीफळ मिळालं. दारातल्या फळ्यावर रंगाऱ्यानं त्यांचं नाव काढलं आणि पुढं 'तूप, आजन्म' असं लिहिलं. दुकानात गिऱ्हाईक वाढलं. ज्याला तोंडात घालायचं नाही तो भेसळ कशाला करेल, असा लोकांचा हिशेब. अण्णा गल्ल्यावर बसून आपली स्तुती ऐकत आणि पालथ्या हातावर तूप चोळत. एवढं त्यांनी सोडलं नव्हतं.

हे इथंवर थांबलं असतं तर अण्णांनी पचवलं असतं. पण पुढच्या रविवारी प्रभावतीबाई बस्तीत महाराजांच्या समोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आजन्म दूध सोडलं.

"तुमी एवढं सोडलंसा," घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "मग मी नुसतं बघत बसू व्हय?"

प्रभावतीबाईंना दागिन्यांची हौस नव्हती, सिनेमाची नव्हती, माहेरी जाण्याचीही फारशी नव्हती. दुपारी तीनला सगळी भांडी आवरून झाली की मागच्या दारात बसून एक कप दाट दुधाचा चहा, एवढीच त्यांची चैन. त्या दिवसापासून त्या तीनलाच बसत, पण कपात गवती चहाचं पाणी असे. पहिला घोट घेताना त्या डोळे मिटत. पूर्वीही मिटत, पण ते वेगळं होतं. अण्णा तीनच्या सुमाराला दुकानातून घरी यायचे, ते यायचे थांबले.

मार्गशीर्षात ते पुन्हा राजारामपुरीत गेले. तीनशे दहा.

"तूप खाताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"थेंब न्हाय."

"आणि वनस्पती तूप, डब्यातलं?"

अण्णा दुखावले. "डॉक्टर, मी तूपवाला माणूस हाय. वनस्पतीचा डबा माझ्या घरात येईल कसा?"

"कागदावर दुसरी ओळ तीच होती. घरी दाखवला होता?"

अण्णांनी टोपी काढली. कागद घामानं पिवळा पडला होता, पण दुसरी ओळ वाचता येत होती. वनस्पती तूप अजिबात नको, ते तुपाइतकंच वाईट. तिसरीत करडईचं तेल होतं, दिवसाला तीन चमचे, मोजून. चौथीत मोडाची कडधान्यं आणि भाकरी. सगळं होतं. सहा महिने त्यांच्या डोक्यावरच होतं.

बाहेर मीरासाब भेटला. त्याचं दोनशे वीसवर आलं होतं आणि तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. अण्णांचा चेहरा बघून त्यानं त्यांना बाजूला घेतलं.

"अण्णा, फळ्यावर तुमचं नाव वाचलं म्या. गप बसलो. पर घरात तरी सांगा की. आमची खैरुनबी चमच्यातलं जादा तेल निपटून परत डब्यात टाकती. तुमच्या घरात कुनाला ठावंच न्हाय, तर ती बाई करणार काय?"

अण्णा घरी आले तेव्हा प्रभावतीबाई शंकरपाळी तळत होत्या. अण्णांनी एक उचललं, दाबलं आणि बोटाला लागलेलं पालथ्या हातावर चोळलं. हुंगलं. वास आला नाही. कुठल्याच तालुक्याचा आला नाही. चातुर्मासापासून टाळूला मेणासारखं काहीतरी चिकटून राहत होतं, ती त्यागाचीच चव असणार असं ते समजत होते.

"डबा कुठं हाय?"

प्रभावतीबाईंनी गव्हाच्या पोत्यामागून डबा काढला. "दुकानात कळू नये म्हणून लक्ष्मीपुरीतनं आणते," त्या म्हणाल्या. "तूप सोडलेल्या माणसाला कोरडं कसं वाढायचं? जिनपालना इचारलं म्या. ते म्हणाले वनस्पती तेलात धरायचं, नेम मोडत न्हाय."

वरणात तेच होतं, चपातीला तेच, सकाळच्या शिऱ्यात तर पळीनं. नेम पाळण्यात बाईंनी कुठंही कसूर केली नव्हती.

"नेम नव्हताच," अण्णा म्हणाले. मग कढईसमोर उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. बाहुबलीच्या पायऱ्या, रिक्षा, पंगत, खाली घातलेली मान. शेवटी टोपीतला कागद पुढं केला.

प्रभावतीबाईंनी आधी स्टोव्ह बंद केला. कागदाच्या आठही ओळी वाचल्या. मग सरळ आवाजात विचारलं, "मग मी चहा कशापायी सोडला?"

अण्णा म्हणाले, "तू आजपासून घे. माझाच नेम खोटा होता म्हटल्यावर..."

"माझा खोटा नव्हता. महाराजांच्या म्होरं घेतलाय."

तो वनस्पतीचा डबा मीरासाबकडं गेला, भट्टीच्या भात्याचं चामडं मऊ करायला. दुसऱ्या दिवशी घाण्यावरून करडईचं तेल आलं. प्रभावतीबाई ते चमच्यानं मोजत आणि प्रत्येक चमचा कढईच्या काठावर जरा जोरात आपटत. मटकी, मेथी, भाकरी. वाढण्यात कमी नव्हतं. बोलणं तेवढं कमी झालं. अण्णांनी ताटावर तक्रार केली नाही. त्या आवाजाला आपण पात्र आहोत असं त्यांना वाटे, आणि ते बरोबरच होतं.

पाडव्याच्या आधी दोनशे तीस आलं. डॉक्टर खूश झाले. "सणासुदीला एक चमचा तूप चालेल," म्हणाले. या खेपेला अण्णांनी घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला.

पाडव्याला पुरणपोळी होती. प्रभावतीबाईंनी तुपाचा चमचा त्यांच्या पोळीवर आणला. अण्णांनी आडवा हात धरला.

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. "तुमचा कुठं नेम हाय?"

"न्हाय. पर तुझा चहा..."

"माझ्या चहाचं माझ्यापाशी."

अण्णांनी हात काढला नाही. प्रभावतीबाईंनी तो चमचा आपल्या पोळीवर ओतला आणि समोर बसून खाल्ला. त्यांनी दूध सोडलं होतं. तूप सोडलेलं नव्हतं.

दुपारी अण्णा बस्तीत जिनपालकडं गेले. "फळ्यावरचं माझं नाव काढा. तो नेम नव्हता. मला डॉक्टरनं तूप बंद केलेलं."

जिनपाल हसले. "अण्णा, केलेला त्याग झाकायला डॉक्टरला कशाला मधी आणतासा? बाकीचे येत्यात ते रंगाऱ्याला अक्षर मोठं काढायला सांगत्यात. नाव काढा म्हणणारे तुमीच पयले."

"खरं सांगतोय मी."

"सांगा की. असं सांगणारं माणूस तरी कुठं मिळतंय?"

पुढच्या चातुर्मासाला फळा नव्यानं रंगवला. अण्णांचं नाव सगळ्यात वर, पहिल्यापेक्षा बोटभर मोठं. त्यानंतरही अण्णांनी चार-दोन जणांना खरं सांगून पाहिलं. त्या वर्षी दुकानात तूप पुरलं नाही.

त्या नावाखाली, उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत, प्रभावती मगदूम, दूध, असं होतं. प्रभावतीबाई फळ्याकडं न बघता आत जात. अण्णा चप्पल काढायला म्हणून तिथं थांबत, खालची ओळ वाचत, आणि चप्पल काढून झाली तरी थोडा वेळ तिथंच उभे राहत.