दाताला आणखी एक हात

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मी रंगकामाला होते, तेव्हा माझा वरचा पुढचा एक दात मेलेला होता. दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या काठावर घसरून तोंडावर आपटले होते. ठणका थांबेना म्हणून डॉक्टरांनी दाताची नस काढली. दुखणं गेलं, पण दात हळूहळू ओल्या शाडूसारखा राखाडी झाला.

आईने त्याचा धसकाच घेतला. खांब गावचं स्थळ आलं तेव्हा तिने बजावलं, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. मुलगा रोह्याला कंपनीत शिफ्टला, घरची भातशेती, पुन्हा असं स्थळ कुठलं यायला? पोहे देताना मी मान खाली घातली ती वर केलीच नाही. नाव, शिक्षण, सगळं ओठातल्या ओठात. मुलगी गरीब गाय आहे म्हणून त्याच्या आईला मी पसंत पडले, असं मागाहून कळलं. आणि इकडे कारखान्यात माझ्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती!

साखरपुड्यातही मी तशीच बसले. फोटोवाला हसा हसा म्हणून थकला. लग्नाला महिना राहिला आणि माझी झोप उडाली. सासरी जन्मभर तोंड मिटून कशी राहणार होते? दात दिसला की म्हणतील, फसवलं. लग्न मोडलं तर नाव माझंच खराब होणार. रंग कालवतानासुद्धा मला दुसरं काही सुचत नव्हतं.

असा दात आतून पांढरा करणारे डॉक्टर रोह्यात आहेत, असं कळलं. म्हणजे नेमकं तिथेच जायचं, जिथे तो कामाला. त्याची पहिली शिफ्ट चालू आहे याची खात्री करून मी दुपारच्या आत परतायचं, असं आईने ठरवलं. गाडी कासू स्टेशन सोडून पुढे निघाली की मी तोंडाला रुमाल लावायचे.

डॉक्टरांनी दाताला मागून भोक पाडलं, आत पावडर भरली, वर सिमेंट लावलं आणि आठवड्याने बोलावलं. दुसऱ्या खेपेला दात बराच उजळला होता. आता थांबू, ते म्हणाले, आतल्या पावडरीने अजून थोडा उजळेल. मला ते पटेना. आम्ही रंगवाली माणसं. मूर्तीवर रंगाचा पहिला हात दिला की माती तो पिऊन टाकते, ओला असताना रंग वेगळा, वाळला की वेगळा, म्हणून एक हात जास्तीचा द्यायचाच, ही मला लागलेली शिस्त. मी हट्टच धरला. लग्नाचं सांगितलं, डोळ्यांत पाणी आणलं. शेवटी त्यांनी पुन्हा पावडर भरली.

तिसऱ्या खेपेला मी आरसा मागून घेतला. दात चुन्यासारखा पांढरा झाला होता. शेजारचे दात त्याच्यापुढे पिवळे दिसत होते. पूर्वी सावलीत तरी लपायचा, आता लांबूनच डोळ्यांत भरत होता. डॉक्टर रागावले नाहीत. पावडर काढून टाकली आणि म्हणाले, काही महिन्यांत जरा उतरेल. लग्नाला बारा दिवस होते.

तोंडाला रुमाल लावून स्टेशनवर आले तर समोर तोच उभा. शिफ्ट बदलली होती. पळावं तर गाडीला वेळ होता. इथे कशी म्हणून त्याने विचारलं, मी नुसती मान हलवली.

"तुला हे लगीन नको हाय, व्हय ना?" तो म्हणाला. "बघायला आलो तवा तू वर बघितलं नाय, साखरपुड्यात एकदा हसली नाय. जबरदस्ती करून मला कोन नको. मी रविवारी येऊन मोडनारच व्हतो. मीच नको म्हनालो असं सांगीन, तुझ्यावर नाव येनार नाय."

माझा रुमाल कधी खाली आला मला कळलं नाही. नको नाही, मी म्हणाले, आणि मग सगळंच बाहेर पडलं. पडणं, नस काढणं, आईची ताकीद, पावडर, माझा हट्ट. रडत होते आणि बोलत होते. फलाटावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. त्याने वाकून दात पाहिला.

"लय पांढरा झालाय गो," तो म्हणाला.

मी म्हटलं, हो, माझीच चूक. तो हसला. गाडी आली तेव्हा मला खिडकीशी जागा धरून दिली आणि म्हणाला, रविवारी येतो, पण जेवायला.

गाडी सुटल्यावर माझ्या ध्यानात आलं. तो स्टेशनवर भेटला नसता, तर रविवारी पेणला आला असता. आईने नेहमीसारखं मला आत बसवून तोंड मिटून राहायला सांगितलं असतं, आणि मी मिटून राहिले असते. दाताचा विषयही न निघता माझं लग्न मोडलं असतं.