काकडीकडे दाखवलेलं बोट

नव्वदच्या दशकात काही वर्षं आम्ही बिरवाडीत भाड्याने राहत होतो. घरमालकीणबाई पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतल्या. मुलाला कारखान्यात नोकरी लागल्यावर त्या खाली आल्या होत्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो.

परसातल्या मांडवावर मावशींनी काकडी चढवली होती. ही बाजारातली काकडी नव्हे. डोंगरात पावसाळ्यात होणारी, हातभर लांब, पिकली की तांबूस पडणारी. वाडीवर आता ती कोणी लावत नव्हतं. मावशींनी जपलेल्या बियांनाही कीड लागली होती. धड उरलेलं सगळं बी त्यांनी पेरलं आणि त्यातून एकच वेल वर आला. त्याच्यावर एक तरी काकडी पिकली नाही, तर ते वाण संपणार होतं.

वेल फुलला. एका पिवळ्या फुलामागे करंगळीएवढी काकडी दिसली. मी बोट दाखवून बायकोला म्हटलं, "ती बघ, धरली."

"भाऊ, बोट!" परसातल्या चुलीपासून मावशी ओरडल्या. "कोवळ्या फळाला बोट दाखवलं का ते कुजतं."

"मग दाखवायचं कसं?"

"वाकडं करून." त्यांनी तर्जनी दुमडून दाखवली. "आनि आता ते बोट चावा."

मी चावलं.

"मावशी, जोरात चावायला सांगा," बायको म्हणाली.

काकडी पिवळी पडून गळाली. मावशींनी माझ्या हाताकडे पाहिलं. पुढे आणखी काही गळाल्या. मी मांडवाच्या मागे जाऊन वाकून पाहिलं. तिथे दाट पानांखाली, कोणाची नजरही पोचली नसती अशा जागी, तशाच पिवळ्या काकड्या पडल्या होत्या. त्यांच्याकडे कोणी बोट दाखवलेलं नव्हतं. मग त्या का गळाल्या?

पूर्वी वर्तमानपत्रात शेतीच्या पानाची मुद्रितं मी तपासत असे. त्यातलं एक आठवलं. काकडीची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलामागे इवलं फळ आधीपासून असतंच. नर फुलाचा पराग पोचला तर ते वाढतं, नाही तर गळतं. म्हणजे आम्ही जिला 'धरली' म्हणत होतो, ती धरलेलीच नव्हती. पराग नेतात मधमाश्या. त्या दिवसांत पाऊस उघडत नव्हता आणि मांडवावर मला एकही माशी दिसली नव्हती.

मावशींना हे सांगितलं.

"पाऊस काय वाडीवर नव्हता? तिथं कशी धरायची?"

"तिथे मधमाश्यांची पोळी असतील."

"व्हतं. वळचणीलाच व्हतं एक." मग मावशी म्हणाल्या, "हितं आता माशीचं काम करायचं कोनी?"

"मी करतो."

"बघ गो," त्या बायकोला म्हणाल्या, "बोट दाखवू नका सांगितलं, तर ह्यो मानूस हात लावाया निघाला!"

पण वेलाची खालची पानं सुकू लागली होती आणि मादी फुलं मोजकीच राहिली होती. मावशींनी परवानगी दिली. सकाळी मी नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि मधला भाग मादी फुलाला टेकवला. मावशी छत्री धरून उभ्या होत्या. छत्री फुलावर होती, मी भिजत होतो.

पहिली गळाली. पराग ओला झाला असावा. दुसऱ्या वेळी पाऊस उघडेपर्यंत थांबलो आणि काम झाल्यावर फुलावर अळूचं पान टोपीसारखं बांधलं. ती काकडी हिरवीच राहिली. मग लांबली, जाड झाली, मांडवातून खाली लोंबू लागली.

गणपतीला मुंबईहून मावशींचा भाचा आला. परसात शिरताच त्याने सरळ बोट दाखवलं. "क्या बात है! मावशे, ही एकटी दोन घरांना पुरेल!"

आम्ही तिघांनीही काकडीकडे पाहिलं. तो परत गेला तरी काकडीला काही झालं नाही.

"आता?" मी मावशींना विचारलं.

"त्याचं लागत नाय."

"का?"

"त्याला काकडीतलं कळतं काय?"

एका काकडीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मलाही कळत होतं.

काकडी तांबूस पडल्यावर मावशींनी ती चिरली. बी धुऊन राखेत घोळलं आणि चुलीमागच्या भिंतीवर दाबून चिकटवलं. बायकोला दाखवताना त्यांचं बोट सरळ होतं.

"आता चालतं?" मी म्हटलं.

"बियाला काय व्हतंय? ते आता पायावर उभं हाय." भिंतीवरच्या बियांचा एक कोपरा त्यांनी तळहात आडवा धरून वेगळा दाखवला. "एवढं बी वाडीवर जावेकडं धाडनार. तिथं माश्या हायत." मग त्या म्हणाल्या, "आनि पोरांना सांगायला सांगेन, बोट वाकडं करा म्हनून."