बाईंचं मागचं चाक

"घाई कोनाले हाय बे?" हे वाक्य ज्यांच्या तोंडी सारखं असे, त्या बाई अख्ख्या नांदुऱ्यात सगळ्यांत वेगाने सायकल चालवत. आमच्या सायकल दुकानात आल्या की आधी सीट धरून मागचं चाक उचलायचं, पायडल गरकन फिरवायचं आणि चाक थांबेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. तेवढा वेळ आमचे मालकही गप्प बसत.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता, आणि नांदुऱ्यात मीही. सहावीत शाळा सुटली, कोकण सुटलं, आणि फिरत फिरत स्टेशनाजवळच्या त्या सायकल दुकानात मिस्त्री म्हणून टिकलो. बाई वडनेर भोलजीच्या शाळेत शिकवत, रोज सायकलने जाऊन येऊन. नोकरी कच्ची. मला त्या 'कोकन्या' म्हणत. "तुह्या गावात सायकली होडीत घालून नेतात का बे?" असं गिऱ्हाइकांदेखत विचारत. पण माझी घरची पत्रं दुसरंच कोणी लिहून देतं हे कळलं तेव्हा हसल्या नाहीत. शाळेतून परतताना महिनाभर दुकानाच्या बाकावर बसून त्यांनी माझ्याकडून अक्षर घोटून घेतलं. आज हे चार शब्द तुमच्यापुढे ठेवतोय ते त्यामुळे. म्हणूनच पुढचं लिहिताना जीव घाबरा होतो.

हळू सायकलची शर्यत तुम्ही पाहिली असेल. शाळेच्या संमेलनात असते. जो शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला तो बाद. बाई त्यात कधी हरल्या नाहीत. सायकल जागच्या जागी उभी करून इतरांची धडपड बघत राहायच्या. एका वर्षी पाहुणे म्हणून आलेल्या क्रीडा अधिकाऱ्यांनी ते पाहिलं आणि सांगितलं, बायकांची अशीच एक मोठी शर्यत असते. गोल मैदान, दोघीच जणी, तीन फेऱ्या. पहिल्या दोन जवळजवळ चालण्याच्या वेगाने, कारण पुढे जायला कोणीच तयार नसतं. मागची पुढचीच्या आडोशाने वारा चुकवते आणि शेवटच्या दोनशे मीटरला झेप घेते.

"हे तं आपलंच काम हाय," बाई म्हणाल्या.

त्या शर्यतीसाठी राज्याच्या संघाची निवड पुण्याला होती. निवड झाली तर अधिकारी क्रीडाशिक्षिकेच्या कायमच्या जागेसाठी शिफारस करणार होते. शाळेने रजा नाकारली. "गेलात तर परत येऊ नका," असं तोंडावर सांगितलं. घरी आई आणि दोन लहान बहिणी, मिळवत्या बाई एकट्याच. आठ दिवस त्या दुकानात आल्या नाहीत. नवव्या दिवशी आल्या त्या अर्ज भरूनच.

त्या शर्यतीच्या सायकलला ब्रेक नसतो, आणि चाक फिरतंय तोवर पायडल थांबत नाही. तसलं चाक नांदुऱ्यात कुठून येणार? आतले दात झिजलेलं एक जुनं फ्रीव्हील, म्हणजे पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारी चकती, मी पितळेचा जोड मारून जाम करून टाकलं. कापूस बाजाराच्या रिकाम्या आवारात बाई सराव करू लागल्या. उभ्या सायकलवर पाय पुढे-मागे दाबत तोल धरून राहायच्या. गाडीवाले बैल थांबवून बघायचे.

"मास्तरीनबाई, पंचर झालं का?"

"नाही काका, इचार करून राह्यली मी!"

सायकल सांभाळायला मीही बरोबर गेलो. पुण्यात त्यांनी नोंदणीच्या टेबलाशी जाऊन विचारलं, "मले कोनता नंबर भेटला?" तर मागच्या मुली "मले, मले" करत हसत सुटल्या. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं. माझी भाषा वेगळी, पण त्या दिवशी मी नांदुऱ्याचाच होतो.

थोड्या वेळाने, बाईंची शर्यत जिच्याशी होती त्या पुण्याच्या मुलीचा मिस्त्री आमच्या सायकलजवळ आला. वयस्क, शांत माणूस. वाकून जोड पाहिला. "हा टिकायचा नाही हो. उभं राहून दाबादाबी केली की सुटेल. माझ्याकडे जास्तीचं चाक आहे, घ्या."

सकाळीच मी चाक फिरवलं होतं तेव्हा आत बारीक 'टिक' वाजली होती. तरी मी म्हणालो, "आमचं चाक पक्कं आहे. आम्हाला कोणाचं नको."

तो मान हलवून गेला. बाई आल्या, सीटला हात घातला, तेवढ्यात त्यांच्या नावाचा पुकारा झाला.

"पक्कं हाय ना रे?"

"पक्कं आहे, बाई."

चाक न उचलताच त्या सायकलवर चढल्या.

दुसऱ्या फेरीत बाईंनी सायकल उभी केली. पुण्याच्या मुलीनेही केली. मैदान चिडीचूप. बाई पाय दाबत होत्या, पुढे, मागे, पुढे, मागे, आणि प्रत्येक दाबासरशी मी त्या 'टिक'साठी कान देत होतो. शेवटी ती मुलगी डगमगली, पुढे निघाली. बाई बरोब्बर तिच्या मागे. तिसऱ्या फेरीचं वळण संपलं, बाई सीटवरून उठल्या, अंगातलं सगळं बळ पायात आणलं, आणि पायडल पोकळ फिरलं. छाती दांडीवर आदळली. पुढची मुलगी केव्हाच रेघ ओलांडून गेली होती. बाई उतरल्या, सायकल खांद्यावर टाकली आणि रेघेपर्यंत पळत गेल्या. हसण्यासारखंच दृश्य होतं. त्या वेळी मात्र कोणी हसलं नाही.

परतीच्या वाटेवर मनमाडला बाईंनी दोन चहा घेतले, एक माझ्या हातात दिला. मग विचारलं, "कशानं गेलं रे?"

"काय माहीत, बाई."

शाळेत त्यांच्या जागी दुसरी बाई आली होती. पुढच्या महिन्यात सगळं घर मोताळ्याला मामाकडे गेलं. सायकल दुकानातच राहिली. मी तिला हात लावला नाही.

दोन वर्षांनी कामासाठी मोताळ्याला गेलो होतो. बाजाराचा दिवस. गच्च भरलेल्या एसटीच्या खिडकीत बाई दिसल्या, मांडीवर शिवणाचं गाठोडं. "अरे कोकन्या!" म्हणून केवढ्या खूश झाल्या! "जेवला का बे?"

कंडक्टरने घंटी मारली. मी खिडकीची दांडी धरली आणि बोलून गेलो, "बाई, चाक जाणार हे मला माहीत होतं. दुसरं चाक मिळत होतं. मीच नको म्हणालो."

त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"मंग बोलला काऊन नाही?"

गाडी सुटली. मी दांडी धरून पळत होतो. पुण्यात त्या मुली 'मले, मले' करत हसल्या म्हणून, एवढंच सांगायचं होतं. इतकं लहान कारण तोंडातून निघेना. दांडी सुटली. बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि वळण येईपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या, उत्तराची वाट पाहत.