गोदावरीबाईची चूल

टोलीपासून, म्हणजे आमच्या छोट्या वस्तीपासून, सडकेपर्यंतचा रस्ता पावसाळ्यात असा होतो, की त्यापेक्षा धानाच्या बांधीतला चिखल बरा. मुरूम टाकायला लोकवर्गणी काढायची म्हणून सभा भरली आणि नेहमीप्रमाणे रस्ता राहिला बाजूला, भांडणच सुरू झालं.

"ज्याचा ट्रॅक्टर, त्यानं द्यावा पैसा. मी तं पायी जातो," श्यामराव म्हणाले.

"पायी जाणाऱ्याचे पाय का चिखलात बुडत नाही?" ट्रॅक्टरवाला उखडला.

शेवटी सरपंच भय्याजींनी जुनी रीत काढली. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो की देवळाचा कळस, गावात वर्गणी चुलीमागेच निघते. चुलीमागे पाचशे ठरले, आणि बघता बघता टोलीतल्या कितीतरी घरांत एकाएकी एकी झाली. वेगळे निघालेले भाऊ एकत्र जेवू लागले, निदान सभेपुरते तरी.

"मनिष, तुह्या अंगणात दोन चुली ना?" भय्याजींनी विचारलं.

"नाही जी, एकच. माय आमच्यातच जेवते."

मागे बायांत बसलेली त्याची माय, गोदावरीबाई, हे ऐकून सरसावून बसली. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून लोकांच्या बांध्यांत धानाचे रोवणे करून तिनं हे एकुलतं पोर वाढवलं. जीभ मात्र तिखट. तीन वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर सुनेच्या वरणाला 'पाणी' म्हणाली, आणि तेवढ्या एका शब्दापायी तिची चूल अंगणापलीकडच्या गुरांच्या कोठ्यात गेली. तेव्हापासून ती मूठभर तांदूळ एकटीच शिजवते.

बाकीच्यांना मनिषच्या बोलण्यातली पाचशे वाचवायची लबाडी कळली. म्हातारीला कळली नाही, किंवा कळून घ्यायची नव्हती. पोरगा चारचौघांत बोलला, म्हणजे मायला परत आपल्यात घ्यायचं त्याच्या मनात आलंच असेल!

त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवलीच नाही. लुगडं बदललं, ताट घासून ठेवलं आणि उंबऱ्यावर बसून एकच वाक्य घोकत राहिली, "रीता, वरण चांगलं झालं वो."

समोर मनिषच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. फोडणीचा वास आला. ताटं वाजली, मग भांडी घासल्याचा आवाज आला. चूळ भरायला मनिष अंगणात आला, तेव्हा त्याला माय दिसली.

"माय, जेवली का वो?"

"जेवली," ती म्हणाली.

सकाळी सरकारी निराधार योजनेच्या पगारातली पाचशेची नोट घेऊन ती भय्याजींच्या दारात उभी राहिली.

"माही चूल वेगळी लिवा जी."

"काल तं मनिष म्हणे, एकच हाय."

भय्याजींनाही खरं ठाऊक होतं. सारी टोली जाणून होती. गोदावरीबाईनं नोट पुढे केली.

"पोरगा खोटं नाही बोलला जी. कालपर्यंत एकच होती. आजपासून वेगळी झाली."