मुलीच्या दोन नोकऱ्या आणि माझा एक मेल

माझ्या मुलीला एकाच आठवड्यात पायलटच्या दोन नोकऱ्या चालून आल्या आणि त्या दोन्ही मी एका दुपारी घालवल्या.

समीक्षा आमची एकुलती एक. आमच्या बेलवली भागातली पहिली पायलट! (दुसरी कोणी असेल तर माफ करा, पण सोसायटीच्या फळ्यावर मी तसं लिहून बसलोय.) दोन्ही कंपन्या छोट्या, लहान शहरांत उडणाऱ्या. एकीचं विमान जेट, पण वर्षभर वाट बघा. दुसरीचं पंख्याचं, पण लगेच उडायला मिळणार.

"पप्पा, मी पंख्यावालीच घेणार. उड्डाणाचे तास लवकर भरले की कॅप्टन पण लवकर!"

"पंख्याचं विमान? अगं, अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर पंखेच दुरुस्त केले मी. ते बंद कसे पडतात, मला विचार!"

"अहो, तुम्ही गप्प बसा," बायको म्हणाली.

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. एकीचं पोस्टिंग हैदराबादला, दुसरीचं इंदूरला. पोरगी घरातून जाणार, हे कुणी बोलतच नव्हतं!

समीक्षा मेडिकलसाठी दिल्लीला गेली. फोन बंद. लॅपटॉप घरी, त्यावर तिचा मेल उघडा. नेमके तेव्हाच उल्हासनगरचे लच्छूभाई आले. माझे जुने सिंधी दोस्त, कापडाचे व्यापारी.

"साईं, दो दुकान हाथ में है और तू रोता है? इसको बोल, वो मुंबई दे रहा है. उसको बोल, ये मुंबई दे रहा है. दोनों भागते आएँगे!"

मला पटलं. (साठीनंतर माणसाला काहीही पटतं.) समीक्षाच्या नावाने दोन्ही कंपन्यांना एकच मेल ठोकला: दुसरी कंपनी मला मुंबई देतेय, तुम्हीपण द्या, शिवाय रविवारी सुट्टी हवी, वडिलांसोबत जेवायला.

तासाभरात दोन्ही उत्तरं हजर! लच्छूभाईंनी टाळी दिली. मी चष्मा लावला.

पहिली कंपनी म्हणत होती: अभिनंदन! तिकडच्या नोकरीसाठी शुभेच्छा. तुमची जागा पुढच्या उमेदवाराला दिली आहे.

दुसरीचंही तेच. फक्त 'हार्दिक' जास्तीचं.

"लच्छूभाई, आता?"

"कपड़े में तो चलता है, साईं," म्हणत ते अर्धा चहा टाकून निघून गेले.

समीक्षा परत आली. मी सगळं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. बूटही न काढता ती खाली बसली आणि एवढंच म्हणाली, "का, पप्पा?"

तिने दोन्हीकडे फोन केले, विनवण्या केल्या. जागा गेल्या त्या गेल्याच. पुढचे सात महिने ती घरीच होती. दर रविवारी माझ्या शेजारी बसून जेवायची, एक शब्द न बोलता. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि मी अर्धं ताट तसंच ठेवून उठायचो!

शेवटी तिसरी कंपनी मिळाली. विमान पंख्याचंच. पोस्टिंग गुवाहाटी! मी नकाशा काढला, वीत टाकली, वीत पुरेना. पण तोंड उघडलं नाही.

"पप्पा, बोला ना काहीतरी."

"छान आहे," मी म्हणालो. सात महिन्यांत पहिल्यांदा ती हसली.

मग ती कंपनीचा फॉर्म भरायला बसली आणि मी हळूच मागून डोकावलो. वडिलांच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: 'हयात आहेत. पण कृपया त्यांच्याशी पत्रव्यवहार करू नये.'