जानोशातलं वायफाय

आमचं मंगल कार्यालय मेहकरच्या बाहेर, रस्त्यापेक्षा सखल जागेत आहे. तिथे मोबाईलला रेंज धड येत नाही. पूर्वी पाहुणे पाण्याची आणि संडासाची चौकशी करत. आता चपला काढायच्या आधी वायफायचा पासवर्ड मागतात. म्हणून सूनबाईने नेटचं स्विच बसवून घेतलं. वायफायच्या आधीच्या साध्या डब्यात काय वाईट होतं, असं मी तिला विचारलं.

ती म्हणाली, "आई, त्याच्यात एकानं ओढलं का बाकीचे उपाशी. ह्याच्यात कोणाले किती वाढायचं ते आपल्या हातात राह्यते."

हे मला समजलं. कार्यालय बांधायच्या आधी मी लग्नांत स्वयंपाकच करत होते.

स्विच म्हणजे ऑफिसच्या भिंतीवरची चपटी लोखंडी पेटी. तिला ओळीने भोकं आहेत, भोकात वायरी, प्रत्येक भोकाशी एक बारीक हिरवा दिवा. वायरी छताला लावलेल्या गोल पांढऱ्या थाळ्यांपर्यंत जातात. एक थाळी मंचावर, एक जेवणाच्या हॉलमध्ये, एक वधूपक्षाच्या खोलीत आणि एक जानोशात, म्हणजे वरपक्ष उतरतो त्या मोठ्या खोलीत. थाळीला वीजही त्याच वायरीतून मिळते, वेगळा प्लग लागत नाही. मला हे सगळ्यात आवडलं, कारण पूर्वी पाहुणे डब्याचा प्लग उपटून तिथे आपला मोबाईल चार्जिंगला लावत आणि मग नेट नाही म्हणून आमच्याशीच भांडत. पेटी इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे लाईट गेली तरी चालते. प्रत्येक थाळीचं नाव आणि पासवर्ड वेगळा. कोणत्या खोलीत किती नेट जातंय ते सूनबाईला तिच्या मोबाईलवर दिसतं. तिथूनच ती कमी करते, वाढवते, बंद करते. शिडी लावावी लागत नाही.

स्विच बसवलं त्या वर्षी साखरखेर्ड्याकडच्या एका मुलीचं लग्न आमच्याकडे होतं. बुकिंगला मुलीचा बाप आला होता, सोबत नवरदेवाचा मामा. मामाने जेवणाचं, घोड्याचं, बँडचं ठरवून झाल्यावर विचारलं, "जानोशातल्या नेटले लिमिट हाये का?"

सूनबाई म्हणाली, सगळ्यांनाच आहे.

"वरपक्षाले लिमिट नाही पाह्यजे. मानाचा विषय हाये."

मुलीचा बाप लगेच हो म्हणाला. सूनबाईने तशी सोय केली. मान कशाकशात शिरतो ते मी बघत आले आहे. हे नवीन होतं एवढंच.

लग्नाच्या तोंडावर त्या बापाचं अकोल्याला ऑपरेशन झालं. तारीख पुढे ढकला म्हटलं तर वरपक्ष ऐकेना. लग्नाच्या सकाळी मुलगी हळदीच्या अंगाने माझ्याकडे आली.

"आजी, बाबा दवाखान्यातून मोबाईलवर पाह्यनार हायेत. त्यायले दिसल्याबिगर मी पाटावर उभी राह्यनार नाही. कोणी काही म्हणो."

मी म्हटलं, "दिसंल. तू आंघोळ कर."

तिच्या भावाने मंचाशेजारी स्टँडला मोबाईल लावला. अकोल्याला व्हिडिओ कॉल करून पाहिला. चित्र स्वच्छ होतं. मी भाजीकडे गेले.

वरात मारुतीच्या देवळाकडून नाचत आली, नवरदेव मंचावर गेला आणि बाकीची मंडळी जानोशात शिरली. पंख्याखाली बसली ती उठेना. भटजी माईकवर हाका मारत होते. मुलीला तिच्या मामाने मंडपात आणलं. पाटापाशी येऊन ती थांबली आणि स्टँडवरच्या मोबाईलकडे बघत राहिली. बापाचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडाने अडकला होता.

"दादा," ती भावाला म्हणाली, "बाबा हालून नाही राह्यले."

"नेट अटकलं. हुईन आता."

"मंग होऊ दे. मी थांबते."

भटजींनी घड्याळ बघितलं. मुलीची आई रडायला लागली. मी सूनबाईला ऑफिसात गाठलं. तिने मोबाईलवर बघून सांगितलं, "आई, सगळं जानोशात चाललं. पोट्टे वरातीतल्या नाचाचे व्हिडिओ चढवून राह्यले."

"कमी कर."

"लिमिट नाही असं कबूल केलं ना आपण. कमी केलं तरी बोंबलतीन, बंद केलं तरी बोंबलतीन."

"मंग बंदच कर."

"रुसतीन, आई. मामा लय आगाऊ हायेत."

"रुसू दे. पोरगी खालीच उभी हाये."

तिने बोट टेकवलं. पेटीवरचा एक हिरवा दिवा विझला. मंडपात बापाचं तोंड मिटलं, डोळे हलले आणि तो म्हणाला, "काऊन थांबली वं बाई?" मुलगी पाटावर चढली.

इकडे जानोशातून पोरं मोबाईल वर धरून बाहेर आली आणि रेंज शोधत मंडपात शिरली. भटजींनी त्यांना अक्षता वाटायला सांगितल्या. आमच्या कार्यालयात वरपक्ष एवढ्या लवकर मंडपात आलेला मी पाहिला नव्हता.

मामा तेवढा माझ्याकडे आला.

"आजीबाई, आमचंच नेट काऊन गेलं?"

"मी बंद कराले लावलं."

त्याला वाटलं होतं मी बिघाड सांगेन. तो म्हणाला, "वरपक्षाले असं करतेत का? शब्द देला होता तुमी."

"देला होता. मोडला. पोरीच्या बापाले दिसत नव्हतं."

"आमी पंगतीले बसणार नाही."

"नका बसू. पण आत्ता नवरदेवाच्या मागं उभं राहा, भटजी तुमालेच हाक मारून राह्यले."

हाक खरंच चालली होती. तो गेला. मंगलाष्टकं झाली. अकोल्यात कोणीतरी बापाच्या मुठीत तांदूळ दिले होते, ते त्याने मोबाईलवरच टाकले, त्यामुळे शेवटी आम्हाला तांदूळच दिसले. लग्न लागल्यावर सूनबाईने जानोशातलं नेट परत चालू केलं.

मामा दुसऱ्या पंगतीला बसला. मुलीच्या आईने जाऊन त्याची मनधरणी केली होती. मला ते पटलं नाही, पण ती तिची सोयरीक. मी त्याला वांग्याची भाजी वाढली तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं नाही. भाजी दोनदा घेतली.

पुढे त्याच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा त्याने दुसरं कार्यालय घेतलं. सूनबाईला वाईट वाटलं. मी तिला सांगितलं, आता बुकिंगलाच वरपक्षाला सांगायचं की मंगलाष्टकं संपेपर्यंत जानोशातलं नेट बंद राहील. तेव्हापासून ती तसं सांगते. काही लोक ऐकून उठून जातात. मुलीकडचे बहुतेक बसून राहतात.